लहान्या भाऊंचे राक्षस

लहान्या भाऊंच्या राक्षसांना नातेवाईक फार. एकेकाला दोन मामा, तीन आत्या, चुलत घराणं वेगळं, आणि एखाद्याची सासुरवाडी थेट छिंदवाड्याकडच्या डोंगरात. हे सगळं त्यांनी एका एवढ्याशा कॉम्प्युटरमध्ये कोंबलं होतं. त्याची बटणं रबराची होती आणि त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून तो घरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडावा लागे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरात तेव्हा टीव्हीच मोजक्या घरांत होते, आणि हा माणूस तिथे बसून कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ तयार करत होता. नुसते तयार करत नव्हता, त्याचा कारखाना काढून बसला होता. बाहेर पाटीच होती: 'कॉम्प्युटर खेळ कारखाना'. ती वाचून लोक बिघडलेले ट्रान्झिस्टर घेऊन येत, आणि लहाने भाऊ ते दुरुस्त करूनही देत, कारण दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं हे त्यांना कधी कळलंच नाही.

या कारखान्यात मालक धरून माणसं दोन. दुसरी मी.

मी पांढुर्ण्याची. नागपूरहून बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, म्हणजे वडील स्थळं पाहत होते आणि मी ती नापास करत होते. सौंसरला माझी आत्या राहायची. तिने कळवलं, इथे एकजण कॉम्प्युटरसाठी माणूस शोधतोय, बस स्टँडवर कागद लावलाय. कागदावर लिहिलं होतं: 'कॉम्प्युटर जाणणारी व्यक्ती पाहिजे. न जाणणारी असल्यास शिकवू. घाई नाही.' नोकरीच्या जाहिरातीत 'घाई नाही' हे मी त्यानंतर आजवर दुसरीकडे वाचलेलं नाही.

मुलाखत अशी झाली. त्यांनी आधी पाणी दिलं. मग विचारलं, "पांढुर्न्याच्या म्हनजे कोनाकडल्या?"

मी सांगितलं.

"आजोळ?"

"रामाकोना."

ते सरसावून बसले. "रामाकोन्यात कोनतं घर?"

मी आजोबांचं नाव घेतलं. "अरे बाप्पा! त्यायची बैलजोडी तं आमच्या काकानं घेतली होती. मंग तुमी घरच्याच झाल्या ना वो ताई. उद्यापासून या."

गणितात मला किती गुण होते हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. चांगले होते, म्हणून मला रागच आला.

लहाने भाऊ हे काही त्यांचं नाव नव्हे. घरात दोघे भाऊ. थोरले ते मोठे भाऊ, त्यांची संत्र्याची आणि कापसाची अडत. धाकटे ते लहाने भाऊ, त्यांचं लग्न झालेलं नाही, आणि त्यांचं काय चाललंय हे गावात कोणालाच नीट सांगता येत नसे. मोठ्या भाऊंना विचारलं तर ते म्हणत, "तो मशीन चालवते." कोणती, ते सांगत नसत. विलायतेत राहणाऱ्या एका मावसभावाने सुट्टीवर येताना तो कॉम्प्युटर आणून दिला, सोबत खेळांच्या चार कॅसेटही दिल्या. लहान्या भाऊंनी त्या चारही कॅसेट खेळून पाहिल्या आणि म्हणाले, "हे काय हाय? दिसला का हान, दिसला का हान. कोन हाय, कुठला हाय, काई विचारपूस नाई."

मग त्यांनी स्वतःचा खेळ लिहायला घेतला. त्याचं नाव 'सातडोंगरी'. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. एका गावची विहीर आटलीय, आणि झरा सात डोंगरांपलीकडे अडवलेला आहे. गावातला एक तरुण तो मोकळा करायला निघतो. हा तरुण म्हणजे आपण, खेळणारे. प्रत्येक डोंगरावर एक राक्षस. हे सात डोंगर खेळाच्या तीन भागांत वाटलेले होते, आणि पहिल्या भागात कमावलेला गडी तसाच्या तसा दुसऱ्यात नेता येई. गड्याच्या नावापुढे तीन आकडे असत: दम किती, अक्कल किती आणि ओळख किती. दम चढणीला लागे, अक्कल बोलण्याला. पण डोंगर पार होई तो ओळखीवरच.

राक्षस समोर आला की आधी पाणी पुढे करी. ते प्यायलं की विचारी, "कोनाचा तू?" मग आपण एक-दोन-तीन अशी बटणं दाबून उत्तरं द्यायची, आपणही त्याला विचारायचं, आणि मामा, मावशी, आजोळ करत करत कुठेतरी दोघांचं नातं जुळवायचं. ते जुळलं की राक्षस स्वतः डोंगराच्या हद्दीपर्यंत पोचवायला येई. गड्याच्या कमरेला गवत कापायचा विळा असे. राक्षसावर तो उगारला तर तो म्हणे, "भांडन कोनासंग हाय तुहं?" आणि आपल्याला उचलून पायथ्याशी ठेवून देई. मारत नसे. खालच्या, नागपूरच्या अंगाचे राक्षस मराठी बोलत, वरच्या, छिंदवाड्याच्या अंगाचे हिंदी. मी म्हटलं, सगळे हिंदी बोलले तर खेळ भोपाळपर्यंत जाईल. ते म्हणाले, "इकडल्या राक्षसायले हिंदी समजते ताई, पन भांडता नाई येत."

चित्रं काढणं माझ्याकडे होतं. चौकड्यांच्या कागदावर एकेक घर काळं करत राक्षस काढायचा आणि मग त्याचे आकडे करून कॉम्प्युटरला द्यायचे. संत्र्याच्या पेट्या उलट्या घालून आमची टेबलं केली होती. तयार झालेला खेळ साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर भरला जाई, आणि तीच कॅसेट लावून परत कॉम्प्युटरला पाजावी लागे. त्या वेळी जो कर्कश आवाज निघे त्याने शेजारची म्हैस दावं तोडायला बघायची. तो आवाज चालू असताना खोलीत कोणी बोलायचं नाही असा लहान्या भाऊंचा नियम होता. बोलण्याने कॅसेटला काही होत नाही, हे मी त्यांना विज्ञान सांगून पटवलं. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पन तो जेवून राहिला, आपन गप्पा कायले मारा?"

एका सकाळी मी पोचले तर ते टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"काय झालं भाऊ?"

"मावशी गेली वो ताई."

त्यांची म्हातारी मावशी त्यांच्याकडेच राहायची. मी चप्पल न घालताच धावत त्यांच्या घरात गेले, वहिनींचे हात हातात घेतले, डोळे पुसले. वहिनी माझ्याकडे पाहतच राहिल्या. मावशी गाई धुवायला अंगणात उभी होती. झालं होतं ते असं, की कॉम्प्युटरच्या डोक्यात जागा फार थोडी. पाचव्या राक्षसाची आजी घालायची तर कोणाला तरी काढणं भाग होतं, म्हणून लहान्या भाऊंनी तिसऱ्याची मावशी पुसली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी रागाने जेवले नाही.

राक्षसांची माहिती गोळा करायला ते मोपेडवरून गावोगाव जात. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना अदबीने विचारत, "बाबाजी, तुमच्या डोंगरातल्या राक्षसाचं सासर कोनतं असन?" आणि गंमत म्हणजे म्हातारे सांगत. रामाकोन्याच्या एका आजीने तर, आमचा तो सोमवारी काही खात नाही, त्याला त्या दिवशी बोलावू नका, असं बजावलं. लहान्या भाऊंनी खेळात तेही घातलं. लोक त्यांना बह्याड, म्हणजे खुळा, म्हणत, पण तोंडावर नाही आणि रागाने तर नाहीच. बह्याड माणूस दुसऱ्याचं इतकं नीट ऐकून घेत नाही. मी आयुष्यात पुढे बऱ्याच हुशार माणसांच्या हाताखाली काम केलं, पण माझं बोलणं संपेपर्यंत थांबणारा मालक मला परत मिळाला नाही.

आता त्या खोलीचं. ती होती मोठ्या भाऊंच्या संत्र्याच्या गोदामाची पुढची खोली. माल दरवर्षी वाढत होता आणि गोदाम पुरत नव्हतं. मोठे भाऊ वाईट नव्हते, फक्त व्यापारी होते. एक दिवस ते दारात उभे राहून म्हणाले, "हे पाह्य. मृगबहाराचा संत्रा उतरायले दोन महिने हायेत. तोवर तुह्या खेळाले कोनी बाहेरचा गिऱ्हाइक भेटला, तं खोली तुही. मी दुसरं गोदाम बांधतो. नाई भेटला, तं हे मशीन कपाटात अन् तू अडतीवर. मंजूर?"

"मंजूर," लहाने भाऊ म्हणाले. त्यांना मोठ्या भावापुढे दुसरा शब्द येत नव्हता.

मी त्याच दिवशी मुंबईच्या एका कंपनीला कॅसेट पाठवली. ही कंपनी टपालाने खेळांच्या कॅसेटी विकायची. वाटलं नव्हतं, पण उत्तर आलं. त्यांच्या साहेबांना नागपूरला काम होतं, ते आटोपून ते तिथून गाडीने पांढुर्ण्याला येतील आणि खेळ समक्ष पाहतील. मोठ्या भाऊंनी आपली जीप स्टेशनवर पाठवली. व्यवहार तो व्यवहार.

साहेब आले. तरुण होते, मराठीच होते, बोलणं एकदम शुद्ध. खोलीतल्या पेट्या पाहून हसले नाहीत, एवढ्यावरून मला ते आवडले. कॅसेट लागली, म्हैस ओरडली, खेळ सुरू झाला. मोठे भाऊही मागे येऊन उभे राहिले. पहिला राक्षस आला, त्याने पाणी पुढे केलं. साहेबांनी विळा उगारला. राक्षसाने त्यांना पायथ्याशी ठेवलं. ते परत चढले, परत पाणी, परत विळा, परत पायथा. मग त्यांनी पळून जाऊन पाहिलं, दगडामागे लपून पाहिलं. पाण्याच्या बटणाला काही त्यांनी हात लावला नाही.

शेवटी मी विचारलं, "साहेब, पाणी का नाही पीत तुम्ही?"

"राक्षसाने दिलेलं पाणी? त्यात विष असणार, उघड आहे."

लहान्या भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "घरी आलेल्याले कोन इख देईन जी?"

खेळ तयार झाल्यावर आम्ही निम्म्या सौंसरला खेळायला बसवलं होतं. शिक्षक, पोस्टमन, आत्याच्या मैत्रिणी. कोणाला काही समजलं नव्हतं, कोणाला काही. पण पुढे केलेलं पाणी न पिणारा माणूस आम्हाला एकही भेटला नव्हता. असा माणूस जगात असेल हेच आमच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते डोक्यात न येता आम्ही तीन भाग लिहून बसलो होतो.

"अहो प्या ना जी!" मागून मोठे भाऊ ओरडले. त्यांनी तोवर त्या यंत्राला कधी बोटही लावलं नव्हतं. साहेबांना जरा सरकवून ते पेटीवर बसले. पाणी प्याले, राक्षसाला त्याचं गाव विचारलं, त्याच्या बहिणीचं घर काढलं, आणि पहिला डोंगर ओलांडून दुसऱ्यावर गेले. दुसरा राक्षस पहिल्याचाच मामा निघाला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "मले वाटलंच होतं! नाक तसंच हाय!" ते नाक मी काढलेलं चार काळ्या घरांचं होतं.

साहेब हे सगळं पाहत होते. माणूस खरंच भला असावा. ते म्हणाले, "मला हे आवडलंय. पण सौंसरच्या बाहेर हा खेळ कोणी पहिल्या डोंगराच्या पुढे नेणार नाही. मुलांना लढाई लागते. तुम्ही गड्याला तलवार द्या. राक्षसाला मारता आलं पाहिजे, बस्स. बाकी तुमचं सगळं राहू द्या. एवढं केलंत तर तिन्ही भाग मी घेतो."

मी तर आनंदाने टाळीच वाजवली. लहान्या भाऊंनी कॅसेट काढून डबीत ठेवली. मग म्हणाले, "देतो तलवार."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या सहज मानतील असं मला वाटलं नव्हतं. मोठे भाऊ तर त्याच संध्याकाळी नव्या गोदामासाठी विटांचं विचारून आले.

लहाने भाऊ आठवडाभर कामाला लागले. मला एक तलवार काढायला सांगितली, ती मी मन लावून काढली. मग एक म्हातारी काढायला सांगितली. मी काढली तर म्हणाले, "पदर डोक्यावर नको. घाईत बाहेर आली हाय ते." ही कुठे येणार, असं विचारलं, तर म्हणाले, "येईन कुठीतरी." तिच्यासाठी त्यांनी दोन मामा आणि एक अख्खी चुलती पुसली, आणि तोंडातून हूं की चूं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी खुशीत होते. कॅसेट मी स्वतः टपालात टाकली.

काही दिवसांनी दुपारी अडतीवरच्या फोनला मुंबईहून ट्रंक कॉल आला, लहान्या भाऊंच्या नावाने. मोठ्या भाऊंनी माणूस धाडला, आम्ही दोघं धावत गेलो. माल दोन दिवसांवर आला होता, अडतीत रिकाम्या पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. त्या काळी फोनवर पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोले की दुकानातल्या सगळ्यांनाच ऐकू येई.

"मी राक्षसाला मारलं," साहेब म्हणाले. "छान झालंय. पण मग घरातून एक म्हातारी येते."

"त्याची माय जी ते," लहाने भाऊ म्हणाले.

"हो. ती विचारते, 'माहा लेक जेवला होता का?' मी 'हो' दाबलं. ती परत तेच विचारते. 'नाही' दाबलं, तरी तेच. सगळी बटणं दाबली. पुढे जातच नाही. प्रोग्रॅम अडकलाय तुमचा."

"अडकला नाई जी. तुमी हात काढून घ्या बटनावरून."

"म्हणजे?"

"म्हनजे काईच करू नका. बसा तिच्यापाशी."

पलीकडे शांतता झाली. मध्येच ऑपरेटर बाई बोलली, "तीन मिनट हो गए, बढ़ा दूँ?" साहेबांनी सांगितलं, बढ़ाइए. परत शांतता. मोठे भाऊ गादीवरून उठून फोनजवळ येऊन उभे राहिले. हमाल थांबले. लहाने भाऊ रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून उभे होते, मयतीच्या घरी खरंच भेटायला गेल्यासारखे.

बऱ्याच वेळाने साहेबांचा आवाज आला, आणि तो हळू होता. "ती म्हणाली, 'जा आता तू. अंधार पडते.'"

"मंग जा जी. रस्ता मोकळा हाय."

"हे..." साहेब अडखळले. "हे ऐका, हे असं विकलं जाणार नाही. मुलं कॅसेट परत पाठवतील, मोडकी आहे म्हणून. तुम्ही ती म्हातारी काढून टाका. फक्त तेवढी. मी उद्या करार पाठवतो."

मी लहान्या भाऊंची बाही धरून ओढली. हो म्हणा, हो म्हणा. मोठे भाऊ त्यांच्याकडे पाहत होते. लहान्या भाऊंना त्या खोलीशिवाय जगात काही नको होतं, हे त्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

"ते नाई निघत जी," लहाने भाऊ म्हणाले.

"विचार करा."

"केला जी. माफ करा."

त्यांनी फोन ठेवला. मोठे भाऊ गादीवर जाऊन बसले, जरा वेळाने म्हणाले, "परवा माल येऊन राहिला." मग आणखी जरा वेळाने, भावाकडे न पाहता, "त्या बुढीले घरात दुसरं कोनी हाय का नाई?"

"एक लेक हाय. दिलेली हाय पलीकडल्या डोंगरावर."

"हं," मोठे भाऊ म्हणाले. पण बोलणं ते बोलणं. खोली रिकामी करायचीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती रिकामी केली. मी इतकी चिडले होते की मला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आणखी चिडत होते. टीव्ही घरात गेला. लहाने भाऊ खाली बसून वायरी गुंडाळत होते, एकेक नीट, गाठ न पडू देता. मला राहवलं नाही.

"एक साधी तलवार देता आली नाही का हो तुम्हाला? सगळं जग देतं! एवढं एकच मागितलं होतं त्याने!"

त्यांनी वर पाहिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, डोळे लाल होते, पण मला काय समजत नाही हे मात्र त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"देली ना वो ताई तलवार. मारू देलं ना त्याले," ते म्हणाले. "आता मारल्यावर घरी सांगाले जा लागते, त्याले मी काय करू?"